सच्छिद्र कणांवर जिवाणू: छोट्या ईटीपीसाठी मार्गदर्शन

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू पाण्यात मोकळे सोडले, तर त्यांतले बरेचसे पाण्याबरोबर बाहेर वाहून जातात. तेच जिवाणू छिद्रे असलेल्या घन कणांवर वसवले, तर ते टाकीतच राहतात, वाढतात आणि नव्याने येणाऱ्या पाण्यावर काम करत राहतात. या पद्धतीला जिवाणूंचे स्थिरीकरण आणि त्या कणांना वाहक कण म्हणतात. फिनॉल, कापडाचे रंग, तेलकट गाळ, औषध कारखान्यांतील द्रावके अशा चिवट घाणीसाठी ही पद्धत वापरली जाते. छोट्या कारखान्यांच्या मालकांना आणि ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा) चालवणाऱ्यांना तिच्याबद्दल तेच ते प्रश्न पडतात: कोणता कण घ्यावा, बाजारातली जिवाणूंची पावडर टाकून भागेल का, पाणी स्वच्छ दिसू लागले म्हणजे काम झाले का, आणि टाकीत बदल करण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावे लागते का. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने जाते.

आधी तपासा: गरज आहे का?

पुष्कळ ईटीपी जिवाणूंच्या कमतरतेमुळे नव्हे, तर साध्या गोष्टी बिघडल्यामुळे नापास होतात. अशा ठिकाणी महागडे कण टाकूनही काही बदलत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी किमान दोन आठवडे पुढील नोंदी ठेवाव्यात.

- एरेशन टाकीतील पीएच ६.५ ते ८.५ च्या दरम्यान राहतो का?
- विरघळलेला ऑक्सिजन दिवसभर, विशेषतः पाण्याचा भार वाढतो त्या वेळी, २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असतो का?
- बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी), नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण १००:५:१ आहे का? रासायनिक कारखान्यांच्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस बहुधा अपुरे असतात. ते युरिया आणि डीएपीने भरून काढता येतात.
- तेल आणि ग्रीस एरेशनच्या आधीच वेगळे होते का?
- इक्वलायझेशन टाकी पुरेशी मोठी आहे का, की बॅच सोडली की तीव्र पाणी थेट जिवाणूंवर येते?
- बीओडी आणि सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) यांचे गुणोत्तर किती आहे? ते ०.३ च्या खाली असेल, तर त्या पाण्यातील बराच भाग जिवाणूंना सहज पचणारा नाही, असे समजावे.

हे सगळे ठीक असूनही निकाल येत नसेल, तर वाहक कणांचा विचार करावा. त्यांचा खरा उपयोग तीन परिस्थितींत होतो. जिवाणू हळू वाढणारे असतील आणि वाढण्याआधीच वाहून जात असतील. विषारी घटकाचे धक्के अधूनमधून बसत असतील. कणाच्या आतल्या थरातील जिवाणूंना असा धक्का कमी जाणवतो. किंवा जागा कमी असून आहे त्याच टाकीत जास्त काम करून घ्यायचे असेल.

जिथे हा उपाय चालतच नाही, तेही स्पष्ट असावे. क्रोमियम, निकेल, तांबे यांसारख्या धातूंचे विघटन होत नाही. त्यांचे रूप बदलते किंवा ते गाळात जातात, पण नाहीसे होत नाहीत. पाण्यातील मीठ, म्हणजेच टीडीएस, जिवाणू कमी करू शकत नाहीत. टीडीएस कमी करणारे कल्चर म्हणून कोणी काही विकत असेल, तर ते घेऊ नये.

कण निवडताना

विक्रेते बहुधा एकच आकडा पुढे करतात: एका ग्रॅमला इतके चौरस मीटर पृष्ठफळ. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच्या बाबतीत हा आकडा हजाराच्या घरात जातो. तो खरा असतो, पण जिवाणूंच्या कामाचा नसतो. साधारण जिवाणू १ ते ३ मायक्रॉन लांब असतो. कार्बनचे ते प्रचंड पृष्ठफळ मुख्यतः २ नॅनोमीटरहून बारीक छिद्रांत असते, म्हणजे जिवाणूच्या लांबीच्या पाचशेव्या भागाहूनही अरुंद. तिथे रसायनाचे रेणू शिरतात, जिवाणू नाही. जिवाणूंना उपयोगी पडतात ती काही मायक्रॉनपासून काही डझन मायक्रॉनपर्यंतची छिद्रे आणि कणाचा खडबडीत बाहेरचा भाग.

छिद्र फार खोल असूनही फायदा नाही. जिवाणूंचा थर जाड झाला की ऑक्सिजन त्यात साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच पोचतो. त्याखालचा भाग ऑक्सिजनविना राहतो. काही घाणीसाठी हे चांगलेच आहे, पण हवेशीर विघटन हवे असेल, तर मोठ्या घनदाट गोळ्यांपेक्षा ३ ते ५ मिलिमीटरचे कण बरे.

उपलब्ध पर्याय असे:

- दाणेदार अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. फिनॉलसारखे विषारी पदार्थ तो आधी स्वतःकडे ओढून घेतो आणि पाण्यातील तीव्रता कमी करतो, त्यामुळे जिवाणूंना सावरायला वेळ मिळतो. महाग आहे. त्याच्या शोषणामुळे निकाल फसवा दिसू शकतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.
- बायोचार. उसाची चिपाडे, नारळाची करवंटी, भाताची तुसे कमी हवेत जाळून केलेला कोळसा. वनस्पतीच्या मूळच्या नळ्या त्यात शिल्लक राहतात आणि त्या जिवाणूंना मापाच्या असतात. राखेमुळे तो अल्कधर्मी असतो, म्हणून नीट धुणे अत्यावश्यक.
- पॉलियुरेथेन फोमचे ठोकळे. ९० टक्क्यांहून अधिक भाग पोकळ. जिवाणू लवकर आणि भरपूर बसतात. उघड्या जाळीचा फोम घ्यावा. बंद पेशींचा फोम चालत नाही. गाळाने तुंबतो, म्हणून घन कण जास्त असलेल्या पाण्यात टाळावा.
- फुगवलेल्या मातीच्या गोळ्या आणि विटांचे तुकडे. स्वस्त, टिकाऊ, पीएचला सहनशील. विटा चांगल्या भाजलेल्या हव्यात; कच्ची वीट विरघळून गाळ वाढवते. स्थिर थराच्या टाकीत उत्तम, फिरत्या टाकीत एकमेकांवर घासून झिजतात.
- झिओलाइट. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ही खनिजे निसर्गतः सापडतात. त्यांची छिद्रे एका नॅनोमीटरच्या आसपास असल्याने जिवाणू आत जात नाहीत, बाहेरच बसतात. त्यांचा खरा गुण अमोनियम पकडून ठेवण्याचा आहे, म्हणून अमोनिया जास्त असलेल्या पाण्यासाठी विचार करावा.
- मक्याच्या कणसाचा भुगा, काथ्या. जमिनीवर किंवा गाळात मिसळण्यासाठी योग्य. टेरी या संस्थेने विकसित केलेल्या ऑइलझॅपरमध्ये तेल खाणारे जिवाणू मक्याच्या कणसाच्या भुकटीवरच बसवलेले असतात. पाण्याच्या टाकीत मात्र असा वाहक हळूहळू कुजतो आणि स्वतःच सीओडी वाढवतो.
- अल्जिनेटचे मणी. २ ते ३ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये जिवाणू मिसळून ते द्रावण कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडतात. प्रयोगशाळेत हे सोपे, पण फॉस्फेट किंवा सायट्रेट असलेल्या पाण्यात मणी मऊ होऊन फुटतात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात चालतील, कारखान्यात नाही.
- पॉलिएथिलीनची एमबीबीआर (फिरत्या थराच्या टाकीची) मीडिया. सच्छिद्र नसली तरी तिच्या आतल्या कप्प्यांत जिवाणूंचा थर सुरक्षित राहतो. एका घनमीटरला सुमारे ५०० चौरस मीटर सुरक्षित पृष्ठफळ देणारी नळीसारखी मीडिया सर्वांत प्रचलित आहे. चोवीस तास चालणाऱ्या ईटीपीला हाच सर्वांत कमी कटकटीचा पर्याय.

पहिल्यांदा करणाऱ्याने दोनच कण निवडून तुलना करावी: एक शोषून घेणारा (कार्बन किंवा बायोचार) आणि एक न शोषणारा (फोम, वीट किंवा प्लास्टिक मीडिया).

जिवाणू कोठून आणावेत?

सर्वांत चांगला स्रोत बहुधा आवारातच असतो. ज्या गाळाने वर्षानुवर्षे तेच सांडपाणी पाहिले आहे, त्यात ते खाणारे जिवाणू आधीच निवडून आलेले असतात. स्वतःचा गाळ मेलेला असेल, तर तशाच उत्पादनाच्या दुसऱ्या कारखान्याचा किंवा त्या औद्योगिक वसाहतीच्या सामायिक प्रक्रिया केंद्राचा ताजा गाळ मागावा.

विशिष्ट, ओळखलेला जिवाणू हवा असेल, तर तो अधिकृत संग्रहातून घ्यावा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम आणि चंदीगडचा एमटीसीसी हे असे संग्रह आहेत. नमुना घेताना त्याची जोखीमश्रेणी विचारावी. स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि क्लेब्सिएला न्यूमोनिई तेल आणि फिनॉल उत्तम खातात, पण ते माणसात संसर्गही घडवतात. जिथे कामगार रोज टाकीवर असतात आणि एरेशनचे तुषार हवेत उडतात, तिथे ते मुद्दाम आणून सोडू नयेत. स्यूडोमोनास पुटिडा हे फिनॉलसाठी बरेच सुरक्षित आणि चांगले अभ्यासलेले नाव आहे.

बाजारातील पावडरींमध्ये बहुधा बॅसिलस गटाचे जिवाणू असतात. कारण साधे आहे: ते बीजाणू बनवतात, त्यामुळे वाळवून पाकिटात भरले तरी महिनोन्महिने टिकतात. पाकिटात टिकणे आणि तुमच्या पाण्यातील नेमका पदार्थ खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पावडर वापरायचीच असेल, तर ती आधी पुढे दिलेल्या पाच भांड्यांच्या चाचणीतून जाऊ द्यावी.

कणांवर वस्ती कशी बसवावी?

१. कण चाळून एका मापाचे करावेत. भुकटी राहिली तर ती पाण्याबरोबर बाहेर जाऊन नमुन्यातील घन कण वाढवते.

२. वाहत्या पाण्यात धुवावेत. बायोचार आणि कार्बन यांच्या धुवणाचा पीएच ७.५ च्या आसपास येईपर्यंत थांबू नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल, तर शेवटची धुलाई क्लोरीन उडालेल्या पाण्याने करावी.

३. प्रयोगशाळेतील चाचणीसाठी कण १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली, २० मिनिटे निर्जंतुक करावेत. प्रत्यक्ष टाकीसाठी याची गरज नाही, कारण सांडपाणी उघडेच असते.

४. फोम पाण्याखाली दाबून त्यातील हवा काढावी. हवा अडकलेल्या छिद्रात जिवाणू पोचत नाहीत. हलके खनिज कण एक दिवस भिजत ठेवावेत.

५. जिवाणू जोमाने वाढत असतानाच कणांवर सोडावेत. गाळ वापरत असल्यास तो अर्धा तास स्थिर ठेवून खालचा दाट भाग घ्यावा. एका भांड्यात कणांच्या साधारण तिप्पट द्रव ठेवून मंद हालचाल आणि हवा चालू ठेवावी. पहिले २४ ते ४८ तास जोराने ढवळू नये. या काळात चिकटणे कच्चे असते आणि जोराच्या प्रवाहाने सुटते.

६. मग द्रव काढून थोडे सांडपाणी आणि बाकी साधे पाणी घालावे. सांडपाण्याचा वाटा १०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के असा वाढवावा. आधीच्या पायरीवर सीओडी पुन्हा नीट कमी होऊ लागला तरच पुढची पायरी. ठरलेल्या तारखेला पुढे जाण्याचा हट्ट इथे सर्वांत जास्त नुकसान करतो.

७. शेवटी ०.८५ टक्के मिठाच्या द्रावणाने कण अलगद धुवावेत, सैल जिवाणू काढून टाकावेत आणि मगच मोजणी करावी. एक ग्रॅम कण निर्जंतुक द्रावणात जोराने हलवून सुटलेल्या जिवाणूंची प्लेटवर गणना करता येते. सूक्ष्मदर्शकाखाली कणाचा कापलेला तुकडाही पाहावा. आतला भाग रिकामा असेल, तर छिद्रे बारीक आहेत किंवा हवा अडकलेली आहे.

अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांची वस्ती नीट बसायला चार ते आठ आठवडे लागू शकतात, आणि तेवढा वेळ धीर धरावाच लागतो. तयार कण ओलसर ठेवून ४ अंश सेल्सिअसला साठवावेत. बीजाणू न बनवणारे जिवाणू वाळवल्यावर मोठ्या प्रमाणात मरतात.

शोषले गेले की विघटन झाले?

या पद्धतीतील सर्वांत महागडी चूक इथे होते. सच्छिद्र कण पाण्यातील पदार्थ स्वतःवर ओढून घेतो. पाण्याचा नमुना स्वच्छ येतो, सगळे खूश होतात, ऑर्डर दिली जाते. काही आठवड्यांत कण भरतो आणि बाहेर पडणारे पाणी पुन्हा पूर्वीसारखे होते. जिवाणूंनी तोवर फारसे काही खाल्लेलेच नसते. म्हणून कोणत्याही दाव्याआधी, मग तो विक्रेत्याचा असो वा आपल्याच प्रयोगशाळेचा, पुढील पाच भांडी शेजारी शेजारी लावावीत:

- फक्त सांडपाणी
- सांडपाणी आणि निर्जंतुक कण
- सांडपाणी आणि मोकळे जिवाणू
- सांडपाणी आणि जिवाणू वसवलेले कण
- सांडपाणी आणि जिवाणू वसवून नंतर दाबाखाली उकळून मारलेले कण

पहिले भांडे हवेत उडून जाणारा भाग दाखवते. द्रावकांसाठी तो दुर्लक्षिण्याजोगा नसतो. दुसरे आणि पाचवे भांडे शोषण दाखवते. चौथ्या भांड्यातील घट या सगळ्यांपेक्षा जितकी जास्त, तितकेच श्रेय जिवाणूंना. मारण्यासाठी सोडियम अझाइड वापरण्याची पद्धत आहे, पण ते अत्यंत विषारी आहे आणि आम्लात मिसळले की घातक वायू तयार होतो. छोट्या ठिकाणी उष्णताच वापरावी.

शेवटी कणावर काय उरले तेही मोजावे लागते. एक उदाहरण घेऊ. १०० मिलिलिटर पाण्यात २०० मिलिग्रॅम प्रति लिटर फिनॉल आहे, म्हणजे एकूण २० मिलिग्रॅम. २४ तासांनी पाण्यात २० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे २ मिलिग्रॅम उरले. अहवालात ९० टक्के घट लिहिली जाईल. आता कण योग्य द्रावकाने धुऊन पाहिले आणि त्यातून ११ मिलिग्रॅम निघाले, तर खरे विघटन २० वजा २ वजा ११, म्हणजे फार तर ७ मिलिग्रॅम. ९० टक्क्यांचा दावा ३५ टक्क्यांवर येतो. हवेत काही भाग उडाला असेल, तर आणखी खाली.

ज्यांच्याकडे द्रावक, यंत्र किंवा रसायनज्ञ नाही, त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे. तेच कण न बदलता पुन्हा पुन्हा नव्या सांडपाण्यात घालावेत, किमान सहा-सात वेळा. फक्त शोषण होत असेल, तर प्रत्येक फेरीत घट कमी कमी होत जाते, कारण कण भरत जातो. विघटन होत असेल, तर घट टिकते किंवा सुरुवातीच्या एक-दोन फेऱ्यांनंतर वाढते. निर्जंतुक कणांचे भांडे शेजारी ठेवले, की फरक डोळ्यांनाही दिसतो. एकाच फेरीचा निकाल दाखवणाऱ्या कोणत्याही माहितीपत्रकावर खरेदीचा निर्णय घेऊ नये.

कापडाच्या रंगांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे, आणि इचलकरंजी, सोलापूर या भागांतील प्रोसेस हाउसना तो माहीत असायला हवा. अ‍ॅझो गटातील रंगांचा बंध ऑक्सिजन नसताना जिवाणू तोडतात. रंग जातो, पाणी फिकट होते. पण तुटलेले तुकडे अ‍ॅरोमॅटिक अमाइन असतात, आणि त्यांतील काही मूळ रंगापेक्षा अधिक विषारी असतात. त्यांचे विघटन पुढे ऑक्सिजन असलेल्या टप्प्यातच होते. म्हणून रंगासाठी दोन टप्पे हवेत: आधी हवा नसलेला, मग हवेशीर. आणि चाचणीत रंगाबरोबर सीओडी मोजलाच पाहिजे. रंग ९५ टक्के गेला आणि सीओडी जागचा हलला नाही, तर रंगाचे फक्त तुकडे झाले आहेत.

टाकीत उतरवताना

कणांचे प्रमाण ठरवताना टाकीच्या आकारापेक्षा पृष्ठफळावरील भार पाहावा. समजा, रोज २० घनमीटर सांडपाणी येते आणि त्याचा बीओडी ६०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. रोजचा भार १२ किलो बीओडी. साध्या, पचणाऱ्या घाणीसाठी प्रति चौरस मीटर रोज १० ग्रॅम बीओडी धरले, तर १,२०० चौरस मीटर पृष्ठफळ लागते. एका घनमीटरला ५०० चौरस मीटर देणारी मीडिया घेतली, तर २.४ घनमीटर मीडिया. टाकीचा ४० टक्के भाग मीडियाने भरायचा ठरवला, तर टाकी ६ घनमीटरची, आणि पाणी तिच्यात सुमारे सात तास राहील. चिवट रासायनिक घाणीसाठी भार निम्मा धरावा. मग मीडिया आणि टाकी दोन्ही दुप्पट होतात. हे आकडे सुरुवातीच्या अंदाजासाठी आहेत. अंतिम आकडा स्वतःच्या पाण्यावर काही आठवडे चालवलेल्या शंभर-दोनशे लिटरच्या पिंपातूनच मिळतो, आणि तो खर्च टाळू नये.

मीडिया टाकताना:

- बाहेर जाण्याच्या तोंडावर जाळी बसवावी, तिची भोके कणाच्या सर्वांत लहान मापापेक्षा बारीक असावीत. जाळी नसल्यामुळे मीडिया क्लॅरिफायरमध्ये जाऊन पंपात अडकण्याचे प्रकार नेहमीचे आहेत.
- सगळी मीडिया एकाच दिवशी टाकू नये. आधी निम्मी, ती फिरू लागली की उरलेली.
- नवी प्लास्टिक मीडिया पहिले काही दिवस वर तरंगते आणि एका कोपऱ्यात जमते. थर बसला की ती आपोआप पाण्यात मिसळते. घाबरून साबण किंवा फेसनाशक ओतू नये.
- थरातून ऑक्सिजन आत ढकलावा लागत असल्याने विरघळलेला ऑक्सिजन ३ ते ४ मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवावा. सध्याचा ब्लोअर एवढा देतो का, हे आधी तपासावे.
- प्लास्टिक मीडियाचे टाकीतील प्रमाण दोन तृतीयांशाच्या पुढे नेऊ नये. तिचे फिरणे थांबते.

कोठे बिघडते?

वीज गेली आणि ब्लोअर बंद पडला, तर दाट वस्ती मोकळ्या जिवाणूंपेक्षा लवकर गुदमरते, कारण तिची ऑक्सिजनची भूक मोठी असते. भारनियमनाच्या भागात जनरेटरवर निदान एक ब्लोअर जोडलेला असावा.

दिवाळीची सुट्टी, यंत्रदुरुस्तीचे शटडाउन या काळात पाणी येत नाही आणि वस्ती उपाशी राहते. रोज थोडे गुळाचे पाणी, मळी किंवा कँटीनचे सांडपाणी आणि अधूनमधून हवा दिली, तर ती तग धरते. कारखाना सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी पूर्ण तीव्रतेचे पाणी सोडू नये.

फरशी धुण्याचे ब्लीच, टाकी साफ करण्याचे कॉस्टिक आणि बॉयलरचे उकळते ब्लोडाउन यांच्या वाटा एरेशन टाकीकडे येत नाहीत ना, हे पाइपच्या नकाशावर नव्हे, तर प्रत्यक्ष चालून पाहावे.

कण तुंबले, तर ते बाहेर काढून घासून स्वच्छ करण्याचा मोह होतो. असे केल्याने सगळी वस्ती नाहीशी होते. एका वेळी चौथाई कणच काढावेत, त्याच टाकीच्या पाण्यात हलवून सैल गाळ पाडावा आणि परत टाकावेत.

परवानगी, नमुना आणि खरेदी

जलप्रदूषण (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९७४ च्या कलम २५ नुसार प्रक्रिया यंत्रणा उभारण्याआधीच नव्हे, तर तिच्यात विस्तार किंवा भर घालण्याआधीही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची पूर्वसंमती लागते. त्यामुळे नवी टाकी किंवा नवा टप्पा जोडणार असाल, तर काम सुरू करण्याआधी अर्ज करावा.

पाणी नदी-नाल्यात सोडायचे असल्यास पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सर्वसाधारण मानकांनुसार बीओडी ३०, सीओडी २५०, निलंबित घन कण १००, तेल आणि ग्रीस १० आणि फिनॉलयुक्त संयुगे १ मिलिग्रॅम प्रति लिटर, तर पीएच ५.५ ते ९ अशी मर्यादा आहे. तुमच्या संमतिपत्रात याहून कडक अटी असू शकतात. संमतिपत्रातील आकडा हाच लागू आकडा, आणि टाकीची रचना त्यावरच करावी.

नमुना घेण्याबाबत कारखानदाराला कायद्याने हक्क दिले आहेत, पण ते फार थोड्यांना ठाऊक असतात:

- कलम २१ नुसार अधिकाऱ्याने विश्लेषणासाठी नमुना घेण्याची सूचना द्यावी लागते आणि तुमच्या किंवा तुमच्या प्रतिनिधीच्या समोर नमुन्याचे दोन भाग करून, सीलबंद करून, दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात.
- मागणी केल्यास दुसरा भाग राज्य जल प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. त्या विश्लेषणाचा खर्च मागणाऱ्यावर असतो. दोन अहवालांत तफावत असेल, तर राज्य जल प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरला जातो.
- विश्लेषण अहवालाची एक प्रत मिळण्याचा हक्क आहे.
- संमती नाकारली किंवा तिच्यातील अटी जाचक वाटल्या, तर कलम २८ नुसार आदेश कळल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.

हे हक्क हजर राहणाऱ्याचेच. नमुन्याच्या वेळी मुद्दाम गैरहजर राहिले किंवा सही नाकारली, तर दोन भाग न करताही नमुना पाठवता येतो. म्हणून प्रत्येक पाळीत एका जबाबदार व्यक्तीला हे अधिकार लेखी देऊन ठेवावेत.

जनुकीय बदल केलेले जिवाणू १९८९ च्या घातक सूक्ष्मजीवविषयक नियमांखाली येतात आणि सक्षम समितीच्या मंजुरीशिवाय ते टाकीत सोडता येत नाहीत. विक्रेत्याकडून जिवाणू निसर्गतः मिळालेले आहेत, असे लेखी घ्यावे.

खरेदीत कागद पक्का असावा. व्यावसायिक कामासाठी घेतलेला माल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ग्राहकाच्या व्याख्येत सहसा बसत नाही, त्यामुळे वाद झाला तर खरेदी आदेशातील अटींवरच भिस्त असते. त्यात किमान एवढे असावे: जिवाणूंची नावे आणि प्रति ग्रॅम कणांवरील जिवंत संख्या, उत्पादनाची तारीख आणि टिकण्याचा काळ, सुरक्षा माहितीपत्रक, कणाचे माप आणि छिद्रांचे माप, निर्जंतुक कणांशी तुलना करणारी चाचणी, आणि रकमेचा निदान तिसरा हिस्सा तीन महिने टिकलेल्या निकालानंतर देण्याची अट.

वापरलेल्या कणांचे काय?

चांगले कण वर्षानुवर्षे चालतात. झिजणारे आणि शोषणारे कण कधीतरी बदलावेच लागतात. काढलेल्या कार्बनमध्ये किंवा बायोचारमध्ये रंग, फिनॉल, धातू अडकलेले असतात. ते शेतात टाकणे, वीटभट्टीला देणे किंवा आवारात पुरणे योग्य नाही. औद्योगिक सांडपाण्याच्या प्रक्रियेतील रासायनिक गाळ घातक आणि इतर कचरा नियम, २०१६ खाली येतो. त्या गाळाने माखलेले कणही त्याच मार्गाने पाठवावेत. महाराष्ट्रात तळोजा आणि रांजणगाव येथे असा कचरा स्वीकारणारी सामायिक केंद्रे आहेत. पाठवणीचे मॅनिफेस्ट, वजनाची पावती आणि कण कोणत्या तारखेला टाकले व काढले यांची नोंद एकाच वहीत ठेवावी. अन्नप्रक्रिया किंवा दुग्ध उद्योगाच्या पाण्यात वापरलेल्या, विषारी घटक नसलेल्या कणांसाठी मात्र आधी विश्लेषण करून घ्यावे आणि ते घातक नसल्याचे अहवालात आले, तर मंडळाला कळवून वेगळा मार्ग निवडता येतो.